काकू वकिलाकडे गेली, तर तुमच्या पोटात का दुखतं?

आज मोर्शीकडे एका नातेवाइकाच्या तेरवीला गेलो होतो. पंगत बसलेली, काकू भाजी वाढत होती. एक पेन्शनर गृहस्थ, ज्यांना गावात मान आहे, सगळ्यांच्या देखत तिला म्हणाले, "काय वहिनी, आता आमच्यावरबी केस टाकता का?" आजूबाजूचे फिदीफिदी हसले. काकू काही बोलली नाही, पुढच्या पत्रावळीकडे सरकली. तेरवी होती म्हणून मीही गप्प बसलो. आता घरी आलोय, आता लिहितो.

राजेहो, काकूनं केलं काय? काकाजी गेल्यावर संत्र्याचा बगीचा ती एकटी सांभाळते. एका वर्षी आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांचं पीक, उक्ता विकला, म्हणजे झाडावरचा सगळा माल एकठोक, ४ लाखाला. इसार ५० हजार. व्यापारी आला, पहिल्या तोडीत मोठा मोठा माल वेचून नेला, १ लाख दिले आणि म्हणाला, "बाकीची तोड आठ दिवसात करतो, काकू." मग भाव पडला आणि त्याचा फोन लागेनासा झाला. झाडावर अर्धा माल आणि सगळी चुरी, म्हणजे बारकी फळं, तशीच लटकलेली. डिसेंबर संपला. पुढच्या आंबियासाठी झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, तर माल उतरलेला पाहिजे. म्हणजे हा बहार अडकला तो अडकलाच, पुढचाही जायची वेळ.

तेव्हा हेच हसणारे लोक पानठेल्यावर सल्ला देत होते. कोणी म्हणे, "आपसात मिटवा." अरे, आपसात मिटवायला समोरच्यानं फोन तर उचलला पाहिजे! कोणी म्हणे, "चिठ्ठी साध्या कागदावर आहे, स्टॅम्प नाही, ती रद्दी आहे." आणि सगळ्यात शहाणे म्हणाले, "मालाला हात लावू नका, तोच पुरावा आहे. सडू द्या, मग पाहू." हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. काकू ऐकायलाही लागली होती. रोज सकाळी बगीच्यात जायची, खाली पडलेली फळं बघायची आणि परत यायची.

शेवटी तालुक्याला वकिलाकडे नेलं. कोर्टासमोरची लहानशी खोली, टेबलावर काच, काचेखाली कुठल्याशा देवीचा फोटो. काकूनं कृषी केंद्राच्या पिशवीतून गॅसचं पुस्तक काढलं आणि त्याच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलेली सौदाचिठ्ठी बाहेर आली. वहीचं पान. झाडं किती, भाव किती, इसार किती, खाली दोघांच्या सह्या, आणि मध्ये एक ओळ : 'तोड डिसेंबर अखेर पूर्ण करणे.' ही ओळ काकूनं हट्टानं लिहून घेतली होती. वकिलानं चष्मा वर करून ती दोनदा वाचली.

आणि पहिला प्रश्न काय विचारला? "माल झाडावर आहे का अजून?"

"आहे."

"मग काकू, पहिले तो विका. मिळेल त्या भावात विका. फोटो काढा, काटापट्टी ठेवा, पैशाची पावती ठेवा. जो फरक पडेल तो आपण त्याच्याकडून मागू. तुम्ही हातावर हात धरून माल सडवला, तर कोर्ट तुम्हालाच विचारेल की नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं?"

१८७२ सालचा करार कायदा आहे म्हणे आणि त्याच्या ७३व्या कलमात हे सगळं आहे. करार मोडला तर भरपाई मिळते, पण टाळता येत होतं ते नुकसान तुम्ही टाळलं का, हेही बघतात. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आणि आमच्या पानठेल्यावर अजून पोचला नाही. चिठ्ठीचंही तसंच. स्टॅम्प नसला म्हणून सौदा खोटा ठरत नाही, शुल्क दंडासकट भरता येतं. आधी त्याला रीतसर नोटीस पाठवली, मग काकूनं दुसऱ्याला माल दिला, ६० हजार आले, झाडं मोकळी झाली. हा एक सल्ला सात दिवस उशिरा मिळाला असता तर ते ६० हजारही जमिनीवर सडले असते. आणि तुम्ही विचारता, बाई कोर्टाची पायरी कशाला चढली!

हो, मान्य आहे, वकील सगळेच असे नसतात. नुसत्या तारखा घेणारेही आहेत, फोन न उचलणारेही आहेत. म्हणून काय कोणाकडे जायचंच नाही? फी तोंडावर विचारा, त्यात लाज कसली? बियाण्याची पिशवी घेताना दहा दुकानं फिरता ना? फी कशाची, कागद-टायपिंगचा खर्च वेगळा का, दर तारखेला वेगळे द्यायचे का, सगळं विचारा आणि पावती मागा. वकीलपत्रावर सही करा, कोऱ्या कागदावर करू नका. मूळ चिठ्ठी घरी, त्यांना झेरॉक्स. कोर्टात दाखल करायची वेळ येईल तेव्हा मूळ द्या. आणि जो म्हणेल "जिंकलो तर निम्मे माझे", त्याच्या खोलीतून उठून या. वकिलांना अशी वाट्याची फी घ्यायला त्यांच्याच बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

व्यापाऱ्याचीही बाजू आहे, म्हणतात. असेल. बांग्लादेशनं आयात शुल्क वाढवल्यापासून आपल्या संत्र्याचे हाल सगळ्यांना माहीत आहेत, त्यात तोही मार खातो. पण ज्या वर्षी सौद्यानंतर भाव चढला, त्या वर्षी तो कोणाच्या घरी वाढीव पैसे घेऊन आला होता का? वाढला तर त्याचा आणि पडला तर काकूचा, हा कुठला सौदा?

चहा घेऊन आलो. राग जरा उतरला, पण एक गोष्ट सांगायचीच आहे.

आमच्याच गावात एकाचे असेच पैसे अडकले होते. भला माणूस, कोणाशी वाकडं नाही. व्यापारी दर हंगामात भेटायचा, गळ्यात हात टाकायचा, "भाऊ, पुढच्या बहारात नक्की." भाऊ थांबला. मग पोरीचं लग्न निघालं, पैशाची गरज पडली, तेव्हा वकिलाकडे गेला. वकिलानं चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि कागद परत दिला. करार मोडल्यापासून तीन वर्षांत दावा टाकावा लागतो. तोंडी "देतो देतो" म्हटल्यानं ती मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत त्याच्या सहीनं 'इतके देणे आहे' एवढं लिहून घेतलं असतं, तरी नवी मुदत मिळाली असती. एका ओळीचं काम होतं. त्या माणसाला कोणी कोर्टबाज म्हटलं नाही, फार मान आहे त्याला. लग्नासाठी शेताचा तुकडा विकला त्यानं.

आणि वहिनी-काकू-ताई, तुमच्यासाठी एक. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा आहे, तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यायचा. काकूला हे तिच्या वकिलानंच सांगितलं, स्वतःची फी बुडत असताना. ती म्हणाली, "आता तुम्हीच बघा, मला नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून सांगणं होत नाही." त्यानं फी कमी केली, तीही तुकड्या-तुकड्यानं घेतली. अशीही माणसं असतात हो.

पुढे काय झालं ते पंगतीत हसणाऱ्यांना माहीत नाही, कारण कोणी विचारलंच नाही. ६० हजार वजा जाऊन १ लाख ९० हजारांचा दावा होता. लोकअदालतीत १ लाख ४० हजारांवर मिटलं. ५० हजार सोडले. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फीही परत मिळते. वेळ लागला, खूप लागला, काकूचे गुडघे दुखले त्या जिन्यांनी. पण व्यापारी समोर बसून "काकू, चुकलं" म्हणाला. आपसात मिटवायचं म्हणत होता ना तुम्ही? हे बघा, मिटलं आपसात. फक्त मध्ये वकील होता म्हणून तो समोर येऊन बसला.

पंगतीत काकूला टोमणा मारणारे पेन्शनर काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार, मला माहीत आहे, तुमचा नातू वाचून दाखवेल. गेल्या वर्षीपासून तुमचेही पैसे त्याच व्यापाऱ्याकडे अडकले आहेत हे मला काकूनंच सांगितलं. चिठ्ठी घेऊन या. मंगळवारी मी तालुक्याला जातोय, गाडीवर मागची सीट रिकामी आहे.