तांदळाचं काय झालं?

माझ्या पाकिटात कालपासून माझाच वंशवृक्ष आहे, तोही झेरॉक्स. वर त्याचे पंचवीस सेंट मोजलेत.

खरं तर शोधायला गेलो होतो फ्रान्सिस स्पिनरला. हा १८६१ ते १८७५ अमेरिकन सरकारचा खजिनदार. मला जुन्या नोटांचा नाद, आणि नोटांवरची त्याची सही म्हणजे निव्वळ जिलेबी! कुणाला नक्कल जमू नये म्हणून मुद्दाम घोटून घटवलेली. बाप जॉन पीटर मूळचा जर्मनीतल्या बाडेनचा, कॅथलिक धर्मगुरू. पंथ सोडला, लग्न केलं आणि १८०१मध्ये न्यूयॉर्क गाठलं. त्याच्या मागचं कोण, हे शोधायला गूगल करावं तर बेदी-प्रसन्ना निघतात. खानेसुमारीची तर बोंबच. १८५०च्या आधी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी बायकापोरांचे नुसते आकडे. १८९०ची बहुतेक १९२१च्या आगीपायी गेली.

म्हणून न्यू जर्सीहून चार तास गाडी हाकत न्यूयॉर्क राज्यात, स्पिनरच्या मुलखातल्या मोहॉक नदीकाठच्या एका लायब्ररीत गेलो. दारातच पेन काढून घेतलं आणि करंगळीएवढी पेन्सिल हातात दिली. मायक्रोफिल्मचं मशीन अर्धाच तास. शेजारच्या खुर्चीत गॅलसवाले आजोबा.

"स्पिनर तुमचे कोण?"

"कोणी नाही."

"आईकडून?"

"कुणाकडूनच नाही."

त्यांना माझी दया आली. वंशावळीचा छापील तक्ता पुढे ओढून म्हणाले, "मग आधी तुमचे कोण ते बघू. आजीचं नाव?"

"माहेरचं की सासरचं?"

"आडनाव नव्हे. नाव." हे जरा मोठ्याने. कानात यंत्र त्यांच्या, बहिरा मी.

मी समजावलं, आमच्याकडे लग्नात नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचे.

"म्हणजे आजोबांच्या बायका दोन?"

"एकच."

"मग पहिलीचं काय झालं?"

"तीच दुसरी."

आजोबांनी खोडरबर काढलं. "नाव बदलल्याचा कागद?"

"कागद नाही. तांदूळ."

"ते कुठे आहेत?"

"शिजवले असतील हो!"

आता पंचाईत अशी, की आजीचं माहेरचं नाव मलाही येईना. आत्याला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, मालिका ऐन रंगात. "कुणाला हवंय?" म्हणे. एका म्हाताऱ्याला, म्हटलं. तिने फोन ठेवला.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या सात पिढ्या आहेत, पण त्या पानावर सगळे बाप्येच. मग अमेरिकेच्या खानेसुमारीला कुठल्या तोंडाने नावं ठेवायची? आणि या स्पिनरने तर नोटा कात्रीने कापायला बायका नेमल्या, वर्षाला ६०० डॉलर देऊन. पुरुष कारकुनांपेक्षा कितीतरी कमी, पण पगारपत्रकावर त्यांची नावं तरी लागली! हे सगळं आजोबांना सांगायचं होतं. ते रकाने आखत होते.

अर्धा तास संपला. स्पिनरचं रीळ डब्यातच राहिलं. आजोबांनी तक्ता दाखवला: 'बायको क्र. १', 'बायको क्र. २', दोघींपुढे प्रश्नचिन्ह. झेरॉक्स मला दिली. मूळ प्रत लायब्ररीच्या फाइलला लावली.