एझेकिएलच्या २६९ ओळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

प्राचीन ग्रीक आणि ज्यू रंगभूमीविषयी विद्यापीठांत होणाऱ्या चर्चासत्रांवर व कार्यशाळांवर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. ज्यू आचार्यांनी नाटक निषिद्ध ठरवले असताना ‘प्राचीन ज्यू रंगभूमी’ हा विषयच ओढूनताणून आणलेला आहे, असे आपण म्हणता. प्राचीन ज्यू नाटककार एझेकिएल याने मोशेने आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढल्याच्या कथेवर ग्रीकमध्ये लिहिलेल्या ‘एक्सागोगे’ या नाटकाच्या उरलेल्या २६९ ओळी नटांकडून म्हणवून घेणे हा विद्यापीठीय थाट असून त्यातून ज्ञानात भर पडत नाही, असाही आपला आक्षेप आहे.

ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ असलेल्या ताल्मूदच्या ‘अवोदा झारा’ या भागात नाट्यगृहांत आणि रथशर्यतींच्या मैदानांत जाण्यास मनाई आहे, हे खरे. त्यामागे मूर्तिपूजेचा संसर्ग आणि टवाळांची संगत ही कारणे दिलेली आहेत. परंतु ही वचने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून पुढच्या आचार्यांची आहेत, तर एझेकिएलचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी दुसरे शतक मानला जातो आणि तो बहुधा इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या ग्रीकभाषक शहराचा होता. शिवाय लोक जातच नसते, तर त्यांना वारंवार बजावण्याचे कारण काय होते? त्याच शहरातला धर्मनिष्ठ ज्यू तत्त्वज्ञ फिलॉन स्वतः पाहिलेल्या प्रयोगाची हकिकत सांगतो: ग्रीक नाटककार युरिपिडीझच्या नाटकातील स्वातंत्र्याविषयीच्या ओळी नटांनी म्हणताच प्रेक्षक टाचा उंचावून उभे राहिले आणि त्यांनी एकच जल्लोष केला. आजच्या तुर्कस्तानातील मिलेटस या प्राचीन ग्रीक शहराच्या नाट्यगृहात ज्यूंसाठी राखलेल्या आसनांवरचा रोमनकालीन कोरीव लेख आजही वाचता येतो. इतिहासकार जोसेफस इटलीत उतरला, तेव्हा सम्राट नीरोच्या मर्जीतल्या अलिट्युरस नावाच्या ज्यू नटाशी त्याची मैत्री झाली आणि त्याच्याच ओळखीने तो सम्राज्ञी पॉपियापर्यंत पोहोचला. ज्यू रंगभूमी म्हणजे ग्रीक रंगभूमीपासून अलग उभी असलेली संस्था, असे मी कोठेही म्हटलेले नाही. ग्रीक रंगभूमीच्या आत ज्यू लेखक, ज्यू नट आणि ज्यू प्रेक्षक होते, एवढेच माझे म्हणणे आहे आणि त्याला वरील पुरावा पुरेसा आहे.

आता त्या २६९ ओळींकडे वळतो, कारण माझा खरा जीव तेथे आहे. अलेक्झांडर पॉलिहिस्टर या ग्रीक लेखकाने उतरवून घेतलेले हे उतारे इसवी सनाच्या चौथ्या शतकात युसेबियस या ख्रिस्ती लेखकाने आपल्या ग्रंथात घातले, म्हणून ते टिकून राहिले. हेलेनिस्टिक म्हणजे सिकंदरानंतरच्या काळातील ग्रीक शोकात्म नाटकांपैकी इतका मोठा भाग दुसऱ्या कोणत्याही नाटकाचा शिल्लक नाही. म्हणजे ज्याला केवळ ग्रीक नाटकाचा इतिहास अभ्यासायचा आहे, त्यालाही या ज्यू लेखकाला वगळून पुढे जाता येत नाही.

काठीचा साप होतो तो प्रसंग घ्या. जळत्या झुडपातून देवाची वाणी मोशेला काठी जमिनीवर टाकण्यास सांगते. मोशे म्हणतो: ही पाहा टाकली, प्रभो, कृपा कर, किती भयंकर, किती अवाढव्य! माझे अंग थरथरत आहे. त्यावर वाणी सांगते, भिऊ नकोस, हात पुढे कर आणि शेपटी धर, ती पुन्हा काठी होईल. मनातल्या मनात वाचताना येथे पहिला प्रश्न पडतो तो रंगमंचावर साप आणायचा कसा, आणि अभ्यासकांनी त्यावर बराच खल केला आहे. पण दोघांनी उभे राहून हाच संवाद म्हटला, एक समोर आणि दुसरा आडोशामागे, की साप नटाच्या शब्दांत आणि मागे सरणाऱ्या पावलांत उभा राहतो, त्यासाठी यंत्राची गरज उरत नाही. यावरून नाटक त्या काळी खरोखर रंगमंचावर आले असे सिद्ध होत नाही. मात्र ते प्रयोगक्षम नव्हते, हे म्हणणे मग सहज टिकत नाही, आणि हा फरक टिपणांनी नव्हे तर तालमीने कळतो.

मोशेच्या लोकांचा पाठलाग करणारे इजिप्शियन सैन्य बुडते, त्या तांबड्या समुद्राच्या प्रसंगाबाबतही तसेच. तो प्रसंग आपल्याला मोशे सांगत नाही. त्यातून जिवंत राहिलेला एक इजिप्शियन सैनिक सांगतो. रथांची चाके फिरेनाशी झाली, जणू कोणी ती जखडून टाकली होती, हे शत्रूच्या तोंडून ऐकू येते. ग्रीक नाटककार एस्किलसने इसवी सनापूर्वी ४७२ मध्ये ‘पर्शियन्स’ या नाटकात सॅलॅमिसच्या आरमारी लढाईत ग्रीकांनी केलेला पर्शियनांचा पराभव पर्शियन दूताकडून वदवला होता. हे दोन उतारे एकाच बैठकीत लागोपाठ म्हटले, तर एझेकिएल कोणाच्या शाळेत शिकला होता ते वेगळे सांगावे लागत नाही. आणि ही कथा इजिप्तमध्येच, बहुधा तेथील श्रोत्यांसाठी लिहिली जात होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

विद्यापीठांचा या कामातला अनुभवही जुना आहे. केंब्रिजमध्ये १८८२ पासून मूळ ग्रीक भाषेतील नाटकांची परंपरा चालू आहे आणि ऑक्सफर्डमध्ये १९९६ पासून ग्रीक-रोमन नाटकांच्या प्रयोगांचा संग्रह जोपासला जात आहे. यांतून प्रयोग हाही अभ्यासाचा विषय ठरला.

‘आपला याच्याशी काय संबंध’ असेही आपण विचारले आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाने १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाचा साचा घेऊन योसेफ आणि मोशे यांची आख्याने मराठीत रचली. शेजाऱ्यांचा कलाप्रकार घेऊन आपली पवित्र कथा त्यात बसवताना काय राखावे लागते आणि काय सोडावे लागते, हा एझेकिएलपुढचाच प्रश्न त्या कीर्तनकारांपुढे होता. तेव्हा मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण मला दिसत नाही.

पुढच्या लेखात त्या इजिप्शियन सैनिकाचे संपूर्ण निवेदन मराठीत देणार आहे. ते मोठ्याने वाचून पाहावे आणि मग पुन्हा आक्षेप घ्यावा, ही विनंती.