लाल रेघ आणि कात्री

नववी ब समोर मी अँटिबायोटिकच्या पट्टीवरची लाल रेघ दाखवत होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असा त्या रेघेचा अर्थ. शेवटच्या बाकावरून हात वर आला.

"सर, दोन गोळ्या कापून दिल्या की रेघ काकांकडेच राहते."

काकांचं मेडिकल. पोरगा उठला तो थेट फळ्यापाशीच आला. कात्री कुठून चालवायची, नाव आणि मुदत कुठल्या तुकड्यावर राहते (गिऱ्हाइकाच्या नव्हे), पाच गोळ्यांचे पैसे ऐकून लोक "दोनच द्या, बघू" कसं म्हणतात, सगळं साभिनय. माझ्या स्लाइड्सना जांभया देणारा वर्ग आता पुढे सरकून बसला होता. मागच्या बाई तर चक्क लिहून घेत होत्या. माझी ओळख करून देताना याच बाईंनी मला "अँटिबॉडीचे तज्ज्ञ" केलं होतं.

मी कायदा काढला. शेड्यूल एच-वन, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांची यादी! 2014 पासून त्यातल्या औषधांसाठी डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव दुकानदाराने वहीत लिहायचं असतं.

"लिहितो ना सर. अक्षर चांगलं म्हणून रविवारी मीच बसतो."

"आणि नावं?"

"आपला हजेरीपट पाठ आहे."

मग काय! "मला काय झालं होतं रे?" सगळा वर्ग आपापला आजार विचारायला लागला. एकीला नुसता घसा मिळाला म्हणून ती रुसली.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं: घसा दुखतो म्हणून कुणी मनानेच अपुरं पेनिसिलिन घेईल, आणि जंतू मरायच्या ऐवजी औषध पचवायला शिकून तयार होतील. जंतू शिकले. आम्ही अजून नववी ब ला शिकवतोय, जिथे स्वतःच्या पैशाने गोळी घेणारं एकही पोर नाही! सर्दी व्हायरसची, तिला अँटिबायोटिक ढिम्म हलवत नाही, हे या पोरांना परीक्षेपुरतं तरी येतं. पण उद्या चाचणी, डॉक्टरची फी वेगळी, वर बापाचा खाडा. मग त्यांच्याच हातात नोट देऊन मेडिकलवर कोण पिटाळतं?

नारळ घेता घेता मुख्याध्यापकांना म्हटलं, "पुढच्या वेळी पालकसभेत बोलवा."

"पालकसभेला पालक येत नाहीत हो. मुलांचं बरं, त्यांना बसवता येतं."