मामा, तो मेसेज पुढे पाठवू नका

'गोपालकांनो सावधान' या मथळ्याचा मेसेज बरेच दिवस दूध संस्थांच्या ग्रुपांवर फिरतोय. बघायचा आणि सोडून द्यायचा, असं चाललं होतं. परवा तो माझ्या सख्ख्या मामांनी पाठवला, खाली एक ओळ जोडून: "भाचेबुवा, खरं आहे का हे?" मामांच्या गोठ्यात अकरा गाई आहेत. डेअरीवर त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी हा मेसेज खरा मानला, तर अर्धा गाव खरा मानणार. म्हणून उत्तर देणं आलं.

मेसेज थोडक्यात असा. जनावरांचे डॉक्टर एकदा पास झाले की पुन्हा पुस्तक उघडत नाहीत. त्यांची ट्रेनिंग म्हणजे कंपनीच्या पैशावर जेवणावळ. तुमच्या जनावराचा फोटो ग्रुपवर टाकून ते दुसऱ्यांना विचारतात, म्हणजे त्यांना स्वतःला काही येत नाही. उरलेला वेळ त्याच ग्रुपवर एकमेकांना रडगाणी ऐकवतात. तेव्हा व्हिजिटचे पैसे वाचवा, खालची इंजेक्शनं मेडिकलमधून आणून ठेवा आणि स्वतः टोचा. मग यादी. यादीखाली एक मोबाइल नंबर आणि 'सर्व आजारांवर एकच' अशी पावडर.

शेवटाकडूनच सुरू करतो. बाकीचा मेसेज आम्हा जनावरांच्या डॉक्टरांना शिव्या घालतो, त्याचं काही नाही. यादी जनावर मारू शकते.

यादीतलं पहिलं नाव: 'ताप, सूज, लंगडणे यावर डायक्लोफेनाक.' अहो, हे औषध जनावरांना द्यायला आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे! २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. पाकिस्तानात पांढऱ्या पाठीची गिधाडं पटापट मरत होती, त्याचं कारण त्यांनी शोधलं. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झालेली होती आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसलेला होता. जनावराला मरणाआधी डायक्लोफेनाक टोचलेलं असायचं, मढं माळावर टाकलं जायचं, आणि ते खाणारी गिधाडं संपायची. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. मामांच्या पिढीने माळावर गिधाडांचे थवे पाहिलेत. आता त्याच मढ्यांवर कुत्री असतात.

आता मेसेजवाल्याने जरा डोकं चालवावं. नव्वदच्या दशकात हेच औषध स्वस्त आणि गुणकारी म्हणून दवाखान्यादवाखान्यात होतं. त्या काळात पास झालेले डॉक्टर खरंच पुस्तक मिटून बसले असते, तर आजही तेच टोचत असते. ते मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या वेदनाशामकावर आले, कारण हे औषध गिधाडांना अपाय करत नाही हे तपासून सिद्ध झालं आणि ती माहिती प्रशिक्षणांतून, परिपत्रकांतून, एकमेकांकडून त्यांच्यापर्यंत पोचली. गोष्ट तिथेही थांबली नाही. माणसांसाठीच्या डायक्लोफेनाकच्या मोठ्या बाटल्या गुपचूप गोठ्यात जात होत्या, म्हणून २०१५ साली बाटलीचा आकार ३ मिलीवर आणला. ॲसिक्लोफेनाक हे त्याच जातीचं औषध बाजारात होतं, पण गाईच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफेनाकच होतं, हे नंतर कळलं. ते आणि किटोप्रोफेन हे आणखी एक वेदनाशामक जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झालं. २०२४ संपता संपता त्याच कामाचं निमेसुलाइडही जनावरांसाठी बंद झालं. माझ्या पदवीच्या कागदावर यातलं अक्षरही नाही. सगळं नंतर शिकलेलं आहे. आणि 'डॉक्टर शिकत नाहीत' म्हणणाऱ्याची स्वतःची यादी २००६ च्या आधीची!

यादीतलं दुसरं रत्न: 'व्यायलेली गाय बसली की कॅल्शियमची बाटली शिरेतून सोडा, लगेच उठते.' उठते, हे खरं. मान कुशीकडे वळवून बसलेली, कान गार पडलेली गाय अर्ध्या तासात उभी राहते, ते बघून कुणालाही वाटेल की यात काय अवघड आहे. पण बाटली धरलेल्या डॉक्टरकडे कधी नीट बघा. एका हातात बाटली, फार उंच न धरलेली. कानात स्टेथोस्कोप, त्याचं दुसरं टोक गाईच्या डाव्या कोपराच्या मागे. ठोका अडखळला की बाटली लगेच खाली येते. गाय ढेकर देते, अंगावर थरथर उमटते, शेण टाकते, तेव्हा कुठे डॉक्टरचा जीव भांड्यात पडतो. तीच बाटली भरभर सोडली तर हृदय थांबतं, आणि गाय दावणीलाच आडवी होते. शिवाय प्रत्येक गाय कॅल्शियम कमी पडल्यानेच बसलेली नसते. कासेत विषारी दगडी (जंतुसंसर्गाने आलेली कासेची सूज) झालेली गायही हुबेहूब तशीच बसते, आणि तिच्या शिरेत कॅल्शियम सोडणं हा जुगार आहे. हा फरक फोनवरच्या यादीत कुठे लिहिलाय?

यादीतल्या अँटिबायोटिकांवर फार लिहीत नाही. ती दुधात उतरतात, म्हणून टोचल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, याचा मेसेजमध्ये एक शब्द नाही. एवढं पुरे.

'पुस्तक उघडत नाहीत' याचं अर्धं उत्तर वर आलंच. उरलेलं अर्धं म्हणजे लम्पी, जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग. हा रोग भारतात पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात सापडला. त्याआधी पास झालेल्या कुठल्याही डॉक्टरने शिकताना इथे त्याची केस पाहिलेली नव्हती. पुस्तकात तो आफ्रिकेतला रोग होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून बातम्या आल्या आणि बघता बघता राज्यभर गाठी आलेली जनावरं दिसू लागली. तेव्हा गाईला शेळ्यांच्या देवीची लस द्यायची, दर जनावरामागे सुई बदलायची, गोठ्यात माश्या-गोचिडांचा बंदोबस्त करायचा, विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही पण चिघळलेल्या जखमेसाठी लागू शकतं, हे सगळं डॉक्टर काम करता करता शिकले. दूध प्यायल्याने माणसाला लम्पी होतो ही अफवा तेव्हाही अशाच एका मेसेजमधून आली होती, आणि ती खोडून काढण्यात आमचे आठवडे गेले.

आता 'फोटो टाकून विचारतात' हा आरोप. हो, विचारतो. उद्याही विचारणार. माणसांच्या मोठ्या हॉस्पिटलात सर्जन अडला तर शेजारच्या खोलीत दुसरा असतो. तालुक्याच्या दवाखान्यात एकच डॉक्टर असतो. तोच सर्जन, तोच बाळंतपण करणारा, तोच शवविच्छेदन करणारा. त्याची शेजारची खोली म्हणजे फोन. मागे एका तरुण सहकाऱ्याने रात्री सिनियरना फोन लावला होता: म्हैस कळा देतेय, पण पुढे काही सरकत नाही, हात घातला तर वाट पिळलेली लागते. गर्भाशयाला पीळ. सिनियरनी आधी एवढंच विचारलं, पीळ उजवा की डावा? उजवा. मग उजव्या कुशीवर पाड, पोटावर फळी टाक, फळीवर माणूस उभा कर, आणि पाय बांधून पिळाच्याच दिशेने लोळव. दिशा चुकली तर पीळ आणखी घट्ट होतो. त्या सहकाऱ्याने तिघांच्या मदतीने म्हैस लोळवली. रेडकू मेलेलं निघालं, म्हैस वाचली. न विचारता हिंमत केली असती तर दोन्ही गेली असती. असा डॉक्टर मला हवा की 'मला सगळं येतं' म्हणणारा, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी ठरवलंय.

जेवणावळीचं मात्र पूर्ण खोटं नाही, मान्य करतो. खनिज मिश्रणाच्या कंपनीने हॉल घ्यायचा, अर्धा तास शास्त्र, दीड तास त्यांचं उत्पादन आणि मग पनीर, अशी 'कार्यशाळा' मीही बघितली आहे. तिथून पेन आणि पिशवी सोडून काही मिळत नाही. आमच्या ग्रुपांवर सकाळी फुलांचे फोटो येतात आणि अंधूक फोटोवरून औषध सुचवणारे महाभागही आहेत. नोंदणीच्या नूतनीकरणाला परीक्षा नसते, हेही खरं. पण परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, अकोला इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना एखादी अवघड केस विचारा. ते पनीरही देत नाहीत आणि पावडरही विकत नाहीत. ज्याच्या मेसेजखाली पावडरचा नंबर आहे, त्याने कंपनीच्या जेवणावर बोलावं, ही हद्द आहे.

राहिली 'रडगाणी'. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या संशोधकांनी १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार तिथल्या स्त्री पशुवैद्यकांत आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांच्या साडेतीनपट आणि पुरुषांत दुपटीहून जास्त निघालं. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकांसाठी व्हेटलाइफ नावाची वेगळी हेल्पलाइन चालते. आपल्याकडे आधार म्हणजे बॅचचा ग्रुप. गाय मेल्यावर मालकाने गोठ्यात चारचौघांत शिवी घातली, हे रात्री अकरा वाजता बॅचमेटला सांगायचं नाही तर कुणाला? आणि या रडगाण्यांतून जीवही वाचतात. लाळ गाळणारी, चारा न खाणारी गाय दिसली की 'घशात काहीतरी अडकलंय' म्हणून मालक सांगतो आणि डॉक्टर तोंडात हात घालतो. ती रेबीजची असू शकते. 'आधी रेबीजचा विचार करा, हातमोजा घाला, लस घेतलीये का?' ही ओळ नव्या पोरांना त्या ग्रुपवरच वाचायला मिळते. व्यायलेल्या गाईंची अडकलेली वार (गर्भाचं वेष्टन) काढून काढून महिनोन् महिने ताप येणाऱ्या डॉक्टरला 'ब्रुसेला (जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूचा आजार) तपासून घे' असं सुचतं तेही बहुतेक दुसऱ्या डॉक्टरलाच.

पावडरबद्दल काही लिहीत नाही. लाळ्या-खुरकतावर आणि अडकलेल्या वारेवर एकच डबा चालतो असं ज्याला वाटतं, त्याच्याशी वाद घालायला मला वेळ नाही.

मामा, डॉक्टरची परीक्षाच घ्यायची असेल तर खुशाल घ्या. पण गोठ्यात घ्या: कोणतं इंजेक्शन दिलं ते कागदावर लिहून मागा, दूध किती दिवस वेगळं काढायचं ते विचारा, आणि उद्या फरक पडला नाही तर पुढे काय करणार ते विचारा. यावर जो चिडेल, त्याला बदला. आणि तुमच्या त्या ग्रुपवर हे उत्तर मेसेजच्या खालीच टाका, म्हणजे यादी ज्यांनी जतन करून ठेवलीये त्यांना ते दिसेल.