पद्मिनीची किनार

वडिलांची 1983 सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी रंगवायला दिली तेव्हा तिच्या दोन्ही अंगांवरच्या क्रोमच्या पट्ट्या कारागिराने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दहा मिनिटांत उचकटल्या. त्या परत बसवायला मला पावणेदोन महिने लागले.

पट्ट्या गोणपाटात गुंडाळून परत आल्या, परंतु त्यांना धरून ठेवणाऱ्या क्लिपांचा गंजून चुरा झाला होता आणि त्याहून भयंकर म्हणजे क्लिपांची भोकेच पत्र्यावरून नाहीशी झाली होती. "साहेब, सगळी भोकं पुट्टीनं बुजवली, आता कसं एकदम प्लेन!" हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितले की रागावण्याऐवजी मी जवळजवळ आभारच मानले.

नव्या रंगावर बाहेरून अंदाजाने ड्रिल चालवण्याचे धाडस होईना, म्हणून दारांची आतली पॅनेले उतरवली, बॅटरीच्या उजेडात पुट्टीचे ठिपके शोधले, बाहेरून कागदी टेप चिकटवला आणि आतून दाभणाने टोचत एकेक भोक उघडले. पुढच्या मडगार्डासाठी चाक काढून कमानीत डोके घालावे लागले. तिथे गेल्या चाळीस पावसाळ्यांचा चिखल जसाच्या तसा जपलेला होता. तेवढ्यात शेजारचे काका येऊन, माझ्या पायांकडे पाहत, "गाडी विकायची आहे का?" असे विचारून गेले.

क्लिपा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाल्या. क्लिपेला ग्रीस लावून ती भोकात बसवायची, पट्टीची वरची कड तिच्यात अडकवायची आणि खालची कड तळव्याने दाबायची, की 'टक्' असा आवाज होतो आणि माणसाला स्वतःविषयी आदर वाटू लागतो. दाब किंचित जास्त झाला तर मात्र 'कट्' असा आवाज होतो. या दोन आवाजांमधला फरक डाव्या बाजूच्या मागच्या दाराने मला तीनदा समजावून दिला.

मडगार्डापासून डिकीपर्यंत चार तुकडे एका ओळीत यावेत म्हणून मी दोराही ताणला होता. उजवी बाजू दोऱ्यासारखी सरळ आली; डावीकडे मागच्या दाराची पट्टी अर्ध्या सुताने खाली बसली. म्हणून गाडी आता डावी बाजू भिंतीला चिकटवून उभी असते. आई उजवीकडून चढते आणि पुढच्या सलग सीटवरून सरकत आपल्या जागी जाते. गिअर स्टिअरिंगपाशी असल्यामुळे वाटेत पाय अडकत नाहीत, मात्र पुटपुटणे गाडी सुरू होईपर्यंत चालू असते.