आधी खून, मग पाटी

आपल्याकडचा वाद पुन्हा तोच. थ्रिलरच्या पहिल्या दोन मिनिटांत प्रेत पडलं नाही तर प्रेक्षक ओटीटीवर दुसरं काहीतरी लावतो, सबब दिग्दर्शकाचा नाइलाज आहे. ‘आपल्या प्रेक्षकाला धीर नाही’ हे पालुपद इथे ब्रिटनमध्ये, लांबून ऐकताना जरा जास्तच झोंबतं.

१९६४ सालच्या ‘वो कौन थी’चा प्रेक्षक कुठून आला होता मग? पावसाळी रात्र, गाडीत एकटा डॉक्टर, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई. ती गाडीत बसते आणि वायपर बंद पडतो. त्याला रस्ता दिसत नाही, तिला दिसतो. खून नाही, प्रेत नाही. रोजच्या वापरातली एक वस्तू बिघडली आणि दोघांतल्या एकालाच जास्त कळतंय, एवढ्या भांडवलावर भीती उभी राहिली.

आता याच्या जागी काय असतं? रक्ताळलेला नायक, हातात पिस्तूल, धाप, काळा पडदा आणि ‘सहा महिन्यांपूर्वी’ ही पाटी. पुष्कळदा हा तुकडा संहितेत नसतोच. सुरुवात थंड वाटली म्हणून एडिटवर उत्तरार्धातून उचलून पुढे लावलेला असतो. त्याची किंमत पुढे मोजावी लागते. नायक त्या रात्रीपर्यंत जिवंत राहणार हे कळलं, की मधले सगळे हल्ले पोकळ होतात. शिवाय तो प्रसंग पुन्हा येतो तेव्हा तेच संवाद, तीच धाप. प्रेक्षक मोबाइल काढतो, आणि खापर त्याच्याच धीरावर.

रहस्यासाठी माहिती लपवावी लागते, ताणासाठी मात्र ती आधी द्यावी लागते. ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) पहिल्याच शॉटमध्ये टाइमबॉम्ब दाखवतो. तो गाडीच्या डिकीत जातो आणि पुढची तीनेक मिनिटं एकही कट नाही. गाडी गर्दीत अडकते, पायी चाललेल्या जोडप्याच्या मागेपुढे होत राहते. आपण मनात सेकंद मोजतो. स्टुडिओने यावर श्रेयनामावली आणि पार्श्वसंगीत चढवलं होतं. वेल्सने त्यानंतर दिलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे १९९८मध्ये संकलक वॉल्टर मर्चने दोन्ही काढलं. उरला रस्त्यावरच्या दारादारांतून येणारा आणि त्या गाडीच्या रेडिओचा आवाज. रेडिओ जवळ आला म्हणजे बॉम्ब जवळ आला, हे कान ओळखू लागतो. आपले संगीतकार मात्र पहिल्या फ्रेमपासून ड्रोन, म्हणजे खर्जातला एकसुरी घुमता सूर, लावतात. तळाशी शांतता नसेल तर दाराची कडी वाजलेली ऐकू कशी येणार?

पडद्यावरच्या तंबाखूच्या इशाऱ्याबद्दलची दिग्दर्शकांची तक्रार तेवढी मला मान्य आहे. अंधारात फक्त सिगारेटचं टोक दिसावं म्हणून कॅमेरामनने जीव टाकायचा आणि कोपऱ्यात पांढरी अक्षरं झळकायची. पण इथेही बीबीएफसीच्या, म्हणजे इथल्या सेन॒सॉर बोर्डाच्या, काळ्या कार्डावर सिनेमाआधीच ‘तीव्र हिंसा’ वगैरे छापून येतं, त्याने कुणाचा थ्रिलर मेल्याचं ऐकलं नाही. ‘तिकडे बसून बोलायला काय जातं’ असं कोणी म्हणेलच. म्हणा.

खरी वाट लावतात सबटायटल्स. पात्र म्हणतं, ‘त्या रात्री दार उघडलं ते…’ आणि थांबतं. तो दोन सेकंदांचा विराम हाच सगळा प्रसंग; खालच्या दोन ओळींत मात्र नाव आधीच उमटलेलं. उपाय साधा: विरामापाशी ओळ तोडायची आणि नाव वेगळ्या तुकड्यात, उच्चाराच्या फ्रेमवर आणायचं. घाईच्या कामात तेवढं कोण करतो! मग इथल्या थिएटरात आपला सिनेमा लागला की वाचणारे आधी दचकतात आणि ऐकणारे मागून.

मी ऐकणाऱ्यांत असायला हवं. पण वर्षानुवर्षांच्या सवयीने, मराठी वाक्य कानावर पडत असतानाही नजर खालच्या इंग्रजी पट्टीवर जाते, आणि पात्राने नाव घेण्याआधीच मी वाचणाऱ्यांबरोबर दचकून मोकळा होतो.