उघडा तळ हा आळशीपणा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोल्डफिशच्या टाकीतली खडी काढून टाका, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तळ उघडा ठेवणं हा आळशीपणा आहे आणि खडीबरोबर टाकीतले उपयोगी जिवाणूही जातात, असं तुमचं म्हणणं. ‘नुसत्या काचेवर गोल्डफिश ठेवणं म्हणजे गाईला फरशीवर चरायला सोडणं’ हे वाक्य झोंबलं, कारण ते निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यावर भांडतो.

आधी आळसाचं. खडी असताना मी आठवड्यातून एकदा सायफन (घाण ओढून घेणारी नळी) फिरवायचो आणि टाकी स्वच्छ आहे असं समजायचो. घाण खडीत मुरत होती, इतकंच. गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लेलं झपाट्याने पुढे सरकतं आणि घाण भरपूर होते. आता तळ उघडा असल्यामुळे रोज सकाळी सगळं डोळ्यांसमोर येतं आणि नळी हातात घ्यावीच लागते. कालचे न खाल्लेले दाणेही दिसतात, म्हणजे आपण किती जास्त टाकतो तेही कळतं. काम वाढलंय हो, कमी नाही झालेलं.

जिवाणूंच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही माझा कान बरोबर पकडलात. माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू काचेवर, खडीवर, कशालाही चिकटून राहतात. पण त्यांना वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं, म्हणून बरेच दिवस चालू असलेल्या फिल्टरच्या स्पंजात त्यांची वस्ती मोठी असते. या भरवशावर मी एका रविवारी सगळी खडी उपसली. माझा फिल्टर टाकीच्या मानाने लहान होता, हे लक्षातच घेतलं नाही. बुधवारी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते आणि अमोनिया तपासायच्या टेस्ट किटमधलं पाणी पिवळं राहायच्या ऐवजी हिरवं झालं, म्हणजे अमोनिया वाढला होता. पुढचे दहा दिवस रोज पाणी बदलत बसलो. हे मी लेखात लिहिलं नाही, ते चुकलंच. खडी काढायची तर आठवड्याला पाव हिस्सा काढा. त्या काळात फिल्टरला हात लावू नका. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतल्याच पाण्यात धुवा. नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात.

आता खडीवर माझा एवढा राग का? माझा ओरांडा (गोल्डफिशचीच एक जात) एका संध्याकाळी तोंडाचा ‘ओ’ करून कोपऱ्यात उभा होता. टॉर्च मारला तर घशात निळा खडा, वाटाण्यापेक्षा थोडा लहान. ओल्या हातात त्याला डोकं खाली करून धरलं आणि गळ्याखाली अंगठ्याने अगदी हलकेच दाबलं. तिसऱ्या प्रयत्नाला खडा टपकन बादलीत पडला. तोवर माझ्याच हाताला कापरं भरलं होतं. हे मासे तळातलं तोंडात घेतात, चाळतात आणि थुंकतात. दुकानात मिळणारी रंगीत खडी नेमकी अडकण्याच्या मापाची असते. त्यामुळे तळाला काही घालायचंच असेल तर आरामात थुंकता येईल अशी बारीक, गोलसर रेती घाला, नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे गोटे. समुद्राची वाळू नको; तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि त्याने पाण्यातले क्षार वाढून पाणी जड होतं. रेतीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. फेस आला तर ती रेती परत करा.

खालच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसून मासे बिचकतात, हे तुमचं निरीक्षण मलाही पटलं. टाकी रिकामी असतानाच खालच्या थर्माकोलवर काळा कागद घातला तर ते बरंच कमी होतं.

राहिली गाय. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर कुंडीखाली ठेवायची मातीची एक नवी कोरी थाळी धुतली, तिच्यात दोन बोटं रेती भरली आणि टाकीच्या एका कोपऱ्यात ठेवली. बाकी तळ उघडाच आहे. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. आता दाणे टाकायच्या आधी चौघंही तिथे तोंड खुपसून असतात आणि निम्मी रेती काचेवर उडवतात. ती नळीने गोळा करून, धुऊन परत थाळीत टाकावी लागते. फिल्टरचं तोंड वर उचलून घेतलंय, नाहीतर रेतीने पंखा घासला जातो.

तुमच्या टाकीतली खडी किती मिलिमीटरची आहे, तेवढं कळवा. आणि फिल्टर कोणता वापरता, तेही.